गाडीचा मांडव : कमी खर्चात सावली कशी उभारावी



गेल्या अंकात फिरत्या दवाखान्याच्या गाडीचे छायाचित्र छापून आले होते. त्यात गाडीच्या टपापासून पुढे आलेले एक पांढरे छत दिसत होते. ते पाहून काही मंडळ्यांतून विचारणा झाली. हे छत विकत मिळते का? किती पडते? आमच्या मंडळीच्या जीपला ते लावता येईल का? आदिवासी भागात शिबिरे घेणाऱ्या इतर कार्यकर्त्यांनाही हीच माहिती हवी होती. ही गाडी चालवणे व तिची देखभाल करणे हे माझ्याकडचे काम आहे, म्हणून संपादकांनी उत्तर लिहिण्यास मला सांगितले. जे आम्ही वापरतो तेच सांगतो, म्हणजे ज्याला करायचे असेल त्याला वेल्डरकडे हा अंक घेऊन जाता येईल.

सावलीची गरज कशासाठी

सातपुड्यात, धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांत, गावे एका जागी वसलेली नाहीत. एका गावाचे अनेक पाडे असतात आणि ते डोंगराच्या वेगवेगळ्या सोंडांवर विखुरलेले असतात. फोर बाय फोर गाडी जिथवर चढते तिथे शाळेची खोली किंवा अंगणवाडी असेलच असे नाही. रस्ता संपतो तिथेच दवाखाना मांडावा लागतो.

भेटीस येणारे पाहुणे म्हणतात, "झाडाखाली बसावे की." आंब्याचे किंवा चिंचेचे दाट झाड मिळाले तर आम्हीही तेच करतो. त्या सावलीची बरोबरी कोणत्याही कापडाला करता येणार नाही. पण डोंगरउतारावर बहुतेक साग असतो आणि उन्हाळ्यात साग उघडा पडलेला असतो. मोहाची जुनी पानेही याच दिवसांत गळतात. ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला गेलेली अनेक कुटुंबे होळीसाठी पाड्यावर परततात. त्यामुळे मार्च ते मे या महिन्यांत लोक घरी भेटतात आणि दवाखान्यावर गर्दी असते. नेमके त्याच महिन्यांत जंगलात सावली नसते.

अशा वेळी लोक सावली शोधतात ती गाडीची. आया चाकाला टेकून बसतात, आणि लहान मुले सरळ गाडीखाली शिरतात. चालकाच्या आसनावरून मागच्या चाकाजवळचे मूल दिसत नाही. आमच्याकडे छत करण्याचे पहिले कारण हेच ठरले. गाडीच्या बाजूला चांगली, रुंद सावली असली की गाडीखाली जाण्याचे कोणाला कारण उरत नाही.

दुसरे कारण सिकलसेलचे. भिल्ल आणि पावरा समाजात हा आनुवंशिक रक्तदोष बऱ्याच प्रमाणात आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगातील पाणी कमी झाले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, पोटात, छातीत असह्य वेदना सुरू होतात. गोळ्या घेण्यासाठी आलेल्या अशा मुलाला दोन तास उन्हात रांगेत उभे करणे म्हणजे त्याचे दुखणे आपणच वाढवणे होय. गरोदर बाया, तापाने फणफणलेली मुले आणि वृद्ध यांनाही ऊन असेच बाधते.

तिसरे कारण साधे आहे. ऊन चढले की आया बाळाला घेऊन घराकडे वळतात. वजन व्हायचे राहते, दंडाचा घेर मोजायचा राहतो. पुढची भेट महिन्याने. तेवढ्यात अशक्त बाळ आणखी खालावते.

सावलीत नेमके काय होते

छतामुळे हवेचे तापमान फारसे उतरत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. वर्तमानपत्रात "आज पारा ४२ अंशांवर" असे छापून येते तेव्हा तो पारा सावलीतच मोजलेला असतो. हवामान खाते तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवते, जेणेकरून थेट ऊन त्याला लागू नये. म्हणजे ४२ अंश ही सावलीतली गोष्ट झाली. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला त्याशिवाय सूर्याचा थेट भडिमार आणि तापलेल्या जमिनीची धग सोसावी लागते. छत हा वरचा भडिमार अडवते. वारा मात्र खेळता राहिला पाहिजे, कारण घाम वाळला तरच अंग थंड होते. म्हणून चारी बाजूंनी बंद तंबूपेक्षा तीन बाजूंनी उघडे छत उन्हाळ्यात जास्त उपयोगी पडते.

विकतचे घ्यावे की करून घ्यावे

गाडीच्या टपाला जोडायची गुंडाळती छते ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत फार प्रचारात आहेत. तिथे लोक गाडी घेऊन दिवसेंदिवस रानात मुक्काम करतात. आता ती भारतातही मिळतात. साधारण माप २ मीटर बाय २.५ मीटर. कापड एका लांब पिशवीत किंवा ॲल्युमिनियमच्या पेटीत गुंडाळलेले असते. साखळी उघडली, कापड ओढले, आतले पाय खाली सोडले की छत तयार. एकटा माणूस ते काही मिनिटांत उभारतो. सोय उत्तम आहे. आम्ही चौकशी केली तेव्हा किमती १५ हजार रुपयांपासून पुढे सांगितल्या गेल्या आणि चांगल्या प्रतीच्या छताला त्याच्या दुपटीहून जास्त.

ज्या मंडळीला एवढे परवडते तिने विकतचे घेण्यास हरकत नाही. मात्र दोन गोष्टी पाहाव्यात. एक, सांधे प्लास्टिकचे आहेत की धातूचे. प्लास्टिकचा सांधा उन्हाने ठिसूळ होतो. दुसरे, सुटे भाग इथे मिळतात का. डोंगरात एक पाय वाकला आणि त्याचा जोडीदार मिळत नसेल तर सगळे छत निकामी होते.

आम्ही करून घेतलेल्या छताला सगळा मिळून ५,३०० रुपये खर्च आला. त्यातील प्रत्येक वस्तू शहाद्याच्या बाजारात मिळते. पाइप वाकला तर कोणताही वेल्डर तो बदलून देतो, आणि तोवर बांबूने काम भागते. आपण दिलेल्या अर्पणातून उरलेले पैसे औषधांकडे वळवता आले, हाही हिशेब आम्ही केला.

कापड कोणते

बाजारात चार प्रकार सहज मिळतात.

प्लास्टिकची विणलेली ताडपत्री सर्वांत स्वस्त आणि हलकी. पाणी अडवते. ऊन मात्र तिला हळूहळू खाते, म्हणून सूर्यकिरणांना टिकणारी, म्हणजे दुकानदार जिला यूव्हीवाली म्हणतात, तीच घ्यावी. अशा ताडपत्रीसाठी आयएस ७९०३ हे भारतीय मानक आहे. शिक्का असेल तर उत्तम.

सुती कॅनव्हास गार वाटतो, शिवायला सोपा, टिकतोही. पण जड असतो, भिजला की आणखी जड होतो आणि ओला गुंडाळून ठेवला की बुरशी धरतो.

ट्रकवर घालतात ते पीव्हीसीचे कापड दणकट, पण गाडीच्या कॅरियरवर रोज चढवायला फार वजनदार.

शेडनेट, म्हणजे रोपवाटिकेवर असते ती जाळी. तिच्यातून वारा जातो हा मोठा गुण. पाऊस मात्र तिला अडवता येत नाही, आणि ऊनही काही प्रमाणात झिरपते.

आम्ही ताडपत्री आणि वरून शेडनेट असे दोन थर घेतले. ताडपत्रीच्या वर वीतभर अंतर सोडून जाळी ताणली की बरेच ऊन जाळीच अडवते, मधून वारा वाहतो आणि ताडपत्री तापून खाली धग सोडत नाही. एकेरी ताडपत्रीखाली भर दुपारी डोक्याला जी झळ लागते ती यामुळे बरीच कमी होते.

ताडपत्रीची जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम. आपण २०० जीएसएम किंवा अधिक मागावी. दुकानदाराच्या शब्दाची परीक्षा तिथल्या तिथे करता येते. १२ बाय ९ फुटांची ताडपत्री म्हणजे जवळजवळ १० चौरस मीटर. ती २०० जीएसएमची असेल तर तिचे वजन सुमारे २ किलो भरले पाहिजे. काट्यावर ठेवावी. सव्वा किलो भरली तर ती १२५ची आहे, लेबलवर काहीही लिहिलेले असो.

रंगाबद्दल विशेष सूचना

दवाखान्यासाठी निळी, हिरवी किंवा केशरी ताडपत्री घेऊ नये. ही सूचना आमच्या परिचारिका ताईंची आहे. निळ्या छताखाली प्रत्येक ओठ निळसर दिसतो आणि केशरी छताखाली प्रत्येक डोळा पिवळा. रक्त कमी असल्याची फिकट छटा खालची पापणी ओढून पाहतात, कावीळ डोळ्याच्या पांढऱ्या भागात पाहतात. उजेडालाच रंग असेल तर ही दोन्ही लक्षणे फसवतात.

बालकांच्या दंडाचा घेर मोजण्याची पट्टीही रंगांची असते. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी असेल तर लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ मध्ये पिवळा. त्यावर हिरवा. रंगीत छताखाली पिवळा व हिरवा यांत गल्लत होऊ शकते, म्हणून तिथे आकडाही वाचावा. पण मुळात छतच पांढरे घ्यावे. पांढरे कापड ऊन परतवते आणि खाली स्वच्छ उजेड देते. एका बाजूने चंदेरी मिळाले तर चंदेरी बाजू वर ठेवावी. वरची जाळीही पांढरी किंवा राखाडी घ्यावी, हिरवी नको.

माप आणि शिलाई

१२ बाय ९ फूट हे ताडपत्रीचे तयार माप आहे, त्यामुळे कापड वाया जात नाही. ९ फुटांची बाजू गाडीच्या लांबीने ठेवावी. १२ फुटांपैकी ७ फूट छत होते आणि उरलेले ५ फूट बाहेरच्या कडेला पडद्यासारखे लोंबते. तिरपे ऊन आले, किंवा एखाद्या बाईची तपासणी आडोशाला करायची असली, की पडदा सोडायचा. एरवी तो गुंडाळून बंदांनी वर बांधायचा.

तंबू-मंडप शिवणाऱ्या कारागिराकडून पुढील काम करून घ्यावे :

१. ९ फुटांच्या एका कडेला पाइप सहज सरकेल असा नेफा.

२. त्या कडेपासून ७ फुटांवर, कापडाच्या खालच्या अंगाला, दुसरा नेफा.

३. चारी कडांना दुहेरी पट्टी आणि दर दीड-दोन फुटांवर पितळी आयलेट. कोपऱ्यांवर कापडाचा तिसरा थर, कारण फाटायला सुरुवात तिथूनच होते.

४. पडदा बांधण्यासाठी तीन जोड बंद.

छत झाले ६३ चौरस फूट. आजी-आजोबा, आया आणि मुले मिळून बारा-पंधरा माणसे त्याखाली दाटीवाटी न करता बसतात आणि परिचारिकेचे टेबलही मावते.

सांगाडा

एक इंची ॲल्युमिनियमचा पाइप लागतो. ९ फुटांचे दोन, ७ फुटांचे दोन आणि ६ फुटांचे दोन तुकडे, एकूण ४४ फूट. लोखंडी जीआय पाइपही चालतो आणि स्वस्त पडतो, पण वजन कितीतरी वाढते, आणि ते टपावर चढते. टपावर जितके वजन जास्त तितकी गाडी घाटाच्या वळणावर डुलते. आमचे सगळे सामान मिळून ९-१० किलोच्या आत आहे. टपावर किती भार चालतो ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे, आणि त्यात कॅरियरचे स्वतःचे वजन धरावे.

९ फुटांचा एक पाइप पहिल्या नेफ्यातून घालून कॅरियरच्या कडेला तीन यू बोल्टांनी पक्का करावा. टपाच्या पत्र्याला भोके पाडू नयेत. तिथून पाणी शिरते आणि गंज धरतो. कॅरियर नसलेल्या पण टपाला कडेने पन्हळ असलेल्या जुन्या गाड्यांना पन्हळीवर बसणारे क्लॅम्प मिळतात.

दुसरा ९ फुटी पाइप दुसऱ्या नेफ्यात. ७ फुटांचे दोन पाइप म्हणजे आडव्या दांड्या. त्यांची टोके ठोकून चपटी करावीत, भोक पाडावे आणि एक टोक गाडीकडच्या पाइपाला, दुसरे बाहेरच्या पाइपाला बोल्टने जोडावे. बोल्टला हाताने फिरवता येणारा पंखांचा नट घातला की पाना शोधावा लागत नाही. या दांड्यांमुळे छत स्वतःच्या बळावर ताठ राहते. खडकाळ उतारावर मेख जात नाही, तिथे हे फार कामाला येते. ६ फुटांचे दोन पाइप पाय म्हणून. खालच्या टोकाला रबरी बूच, वरच्या टोकाला पिन.

गाडीकडची कड कॅरियरच्या उंचीवर, म्हणजे साधारण साडेसहा फुटांवर येते. बाहेरची कड ६ फुटांवर. हा अर्ध्या फुटाचा उतार मुद्दाम ठेवलेला आहे. तो का, ते पुढे सांगतो.

खर्चाचा तपशील

ताडपत्री, १२ बाय ९ फूट : ९०० रुपये
शेडनेट : ३५० रुपये
शिलाई, पट्टी व आयलेट : ६०० रुपये
ॲल्युमिनियम पाइप : १,९०० रुपये
यू बोल्ट, नट-बोल्ट व पिना : ४०० रुपये
नायलॉन दोरी व सळईच्या मेखा : ३५० रुपये
वेल्डरची मजुरी : ५०० रुपये
गुंडाळून ठेवण्याची पिशवी : ३०० रुपये
एकूण : ५,३०० रुपये

आपल्या गावी दर थोडे वरखाली असतील. खर्च आणखी कमी करायचा असेल तर पाय आणि आडव्या दांड्या बांबूच्या घ्याव्यात. पाड्यावरच्या माणसांना मांडव घालण्याचे ज्ञान आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. लग्नाचा मांडव ते खिळ्याशिवाय उभारतात. दोरीची कोणती गाठ वाऱ्यात सैल होत नाही, हे मला तिथल्याच एका दादांनी शिकवले. आमच्या वेल्डरच्या पिनेपेक्षा ती गाठ जास्त भरवशाची आहे.

सूर्य पाहून गाडी लावावी

छत कितीही चांगले असले तरी गाडी चुकीच्या दिशेने उभी असेल तर सावली रुग्णांवर न पडता शेजारच्या झुडपावर पडते. सोपा नियम असा : छत सूर्याच्या विरुद्ध बाजूला यावे. सकाळचे शिबिर असेल तर छताची बाजू पश्चिमेला, दुपारनंतरचे असेल तर पूर्वेला. मग तिरपे ऊन गाडीचे धूड अडवते आणि वरचे छत. दोन्ही सावल्या एकमेकींना जोडल्या जातात.

सावली किती सरकते याचा अंदाज स्वतःच्या सावलीवरून घ्यावा. आपली सावली आपल्या उंचीएवढी असेल तेव्हा छताची सावलीही छताच्या उंचीएवढी, म्हणजे सहा-साडेसहा फूट, बाजूला पडते. त्या वेळी सतरंजी छताच्या बरोबर खाली न घालता बाहेरच्या अंगापर्यंत घालावी आणि ऊन चढेल तशी आत ओढावी. शिबिर दिवसभराचे असेल तर छताची बाजू उत्तरेला ठेवावी. वर्षातील बहुतेक दिवस सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो. मेच्या अखेरीस मात्र सातपुड्यात तो भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. तेव्हा दुपारपुरती सगळ्या बाजू सारख्याच.

लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविकेची लसीची पेटी गाडीलगतच्या सर्वांत आतल्या सावलीत ठेवावी. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे आणि त्यासाठी पेटीत बर्फाच्या बाटल्या असतात. पेटी उन्हात राहिली तर बर्फ लवकर वितळतो आणि दूरच्या पाड्यापर्यंत गारवा टिकत नाही.

वारा आणि पाऊस

छत म्हणजे शीडच. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ६ किलो पडतो. आपले छत जवळजवळ ६ चौरस मीटरचे, म्हणजे त्यावर ३५ किलोच्या आसपास जोर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणजे १४० किलो. एवढा जोर दोन मेखा आणि एक कॅरियर यांच्याने सोसवत नाही.

म्हणून दोन्ही पायांपासून दोन-दोन दोऱ्या बाहेरच्या अंगाला तिरप्या बांधाव्यात. मेखा फूटभर लांब, दोरीच्या उलट दिशेला कललेल्या ठोकाव्यात. मेख जात नसेल तर दोरी मोठ्या दगडाला किंवा भरलेल्या पाण्याच्या कॅनला बांधावी. २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलोचा नांगर. दोरीला पांढरी चिंधी बांधावी, नाहीतर पळणारी मुले अडखळतात.

छत कधी उतरवावे? लहान झाडे मुळापासून डोलू लागली की वारा ताशी ३० किलोमीटरच्या पुढे गेला असे समजावे. त्याच वेळी पडदा गुंडाळावा, लोकांना बाजूला घ्यावे आणि छत उतरवावे. उन्हाळ्यात दुपारी वावटळ येते ती एवढीही सवड देत नाही. म्हणून छत उभे असताना एक माणूस त्याच्याजवळ असलाच पाहिजे. रुग्ण नसताना ते उभे ठेवून कोणी जेवायला जाऊ नये.

पावसाचे वजनही ध्यानात घ्यावे. ६ चौरस मीटरच्या छतावर सर्वत्र एक इंच पाणी साचले तर ते दीड क्विंटल होते. अर्ध्या फुटाचा उतार याचसाठी. तरी मध्ये पोट आले तर खालून हाताने ढकलून पाणी लगेच सोडावे. वळवाचा पाऊस विजांसह येतो. गडगडाट ऐकू आला की धातूच्या छताखाली कोणी थांबू नये. पक्के घर जवळ असेल तर तिथे, नाहीतर काचा बंद करून गाडीत बसवावे. उघड्यावरच्या एकट्या झाडाखाली तर मुळीच नको.

सुरक्षिततेचे नियम

हे नियम आमच्या गाडीच्या दारावर आतून चिकटवलेले आहेत.

१. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, पहिल्या गियरमध्ये आणि चाकामागे दगड लावून उभी करावी. छत उभे असताना किल्ली चालकाच्या खिशात.

२. छताखाली माणसे असताना इंजिन चालू ठेवू नये. पडदा सोडलेला असेल तर धूर आत कोंडतो, आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

३. बाळांचा टांगता वजनकाटा छताच्या पाइपाला कधीही अडकवू नये. झाडाची दणकट फांदी किंवा कॅरियरचा मुख्य आडवा बारच वापरावा.

४. स्टोव्ह, चूल, उदबत्ती छताखाली नको. ताडपत्री वितळून अंगावर गळते.

५. निघताना छत गुंडाळून, पिशवीत घालून, तीन ठिकाणी बांधावे. बाजूच्या आरशाच्या बाहेर काहीही आलेले नसावे.

६. शेवटी चालकाने गाडीभोवती पायी एक फेरी मारावी, वाकून खाली पाहावे आणि मगच इंजिन सुरू करावे. गर्दी कितीही असो, घाई कितीही असो.

कायद्याचेही एक सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून आपले छत नटबोल्टांनी बसणारे आणि काढता येणारे असावे. चासीला किंवा टपाला काही वेल्ड करायचे मनात असेल तर आधी परिवहन कार्यालयात विचारावे.

टिकवण्यासाठी

प्रत्येक फेरीनंतर कापड झटकून गुंडाळावे. ओले झाले असेल तर परतल्यावर पसरून वाळवावे. आयलेटभोवतीची शिलाई महिन्यातून एकदा पाहावी. बोल्टना थोडे तेल द्यावे. खराब रस्त्याच्या हादऱ्यांनी नट सैल होतात, म्हणून दर फेरीआधी कॅरियरचे यू बोल्ट हाताने तपासावेत. ताडपत्री पांढरट भुकटी सोडू लागली किंवा घडीवर तडकू लागली की ती बदलावी. सांगाडा तोच राहतो, नवीन कापडाचा खर्च फक्त ताडपत्री आणि शिलाईचा.

आपण काय करू शकता

काही मंडळ्यांनी जुने तंबू आणि मंडपाचे कापड पाठवण्याची तयारी दाखवली आहे. आपल्या प्रेमाबद्दल आभार. पण रंगीत मंडपाचे कापड वर सांगितलेल्या कारणाने दवाखान्याला चालत नाही. ते बालवाडीच्या पावसाळी आडोशाला चालेल, तसे चिठ्ठीवर लिहून पाठवावे. पांढरी ताडपत्री, नायलॉन दोरी, २० लिटरचे झाकणाचे कॅन आणि धुता येणाऱ्या सतरंज्या यांची गरज नेहमीच असते. ज्या मंडळीत वेल्डिंग किंवा शिलाईचे काम जाणणारे तरुण आहेत, त्या तरुण संघाने सुटीत एक छत स्वतः तयार करून द्यावे, अशी माझी विनंती आहे. संस्थेच्या दुसऱ्या गाडीला अजून छत नाही. ती गाडी अक्कलकुव्याच्या बाजूला जाते, आणि तिथला उन्हाळाही असाच असतो.

मापे वर दिली आहेत. काही अडले तर कार्यालयाच्या पत्त्यावर लिहावे, मी उत्तर देईन. उन्हाळ्याच्या फेऱ्या सुरू होत आहेत. रस्त्यावरच्या सर्व चालकांसाठी, परिचारिका ताईंसाठी आणि रांगेत थांबणाऱ्या आयांसाठी प्रार्थनेत आठवण ठेवावी.

आपला,
फिरत्या दवाखान्याचा गाडीचालक